‘डोक्यात शिरतच नाही’ म्हणण्याआधी

चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, नाहीतर रानात बांधावर रेडिओ टेकवून खुरपत असाल. हातातलं काम चालू द्या, पण कान इकडं असू द्या.

आजचा विषय आपल्या बचत गटाच्या बैठकीत निघत नाही. नवऱ्याच्या दारूवर आपण तासभर बोलतो. हप्ता का थकला विचारलं की पहिलं उत्तर तेच असतं. पण बाई पिते का, आणि पोटुशी असताना पिते का, हा प्रश्न आला की सगळ्या खाली बघतात. कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. या न विचारण्या-सांगण्यात नुकसान होतं ते पोटातल्या बाळाचं, म्हणून आज बोलायचं.

“आपल्यात कोण पितंय?” असं कुणी म्हणेल. सरकारी आकडाही तेच सांगतो. २०१९ ते २०२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्रात दारू घेते असं सांगणारी बाई शंभरात एकसुद्धा भरली नाही. आता मला सांगा, दारात अनोळखी माणूस कागद घेऊन उभा आहे, आत सासू बसलीय, अशा वेळी कोण ‘हो’ म्हणेल? ऊसतोडीच्या तळावर पहाटे तीनला उठून दिवसभर मोळ्या वाहणारी बाई रात्री अंग ठणकतंय म्हणून नवऱ्याच्या बाटलीतली घोटभर घेते. वीटभट्टीवर असंच चालतं. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या आपल्याच पोरी मैत्रिणींबरोबर बिअर घेतात. आणि थंडी बाधू नये म्हणून चमचाभर ब्रँडी तर चांगल्या चांगल्या घरांत औषध म्हणून ठेवलेली असते. तिला कुणी दारू म्हणतच नाही.

पोटात काय होतं ते सांगते. आईनं घेतलेली दारू तिच्या रक्तात जाते आणि वारेतून बाळाच्या रक्तात उतरते. आईचं लिव्हर ती हळूहळू निकालात काढतं. बाळाचं लिव्हर अजून घडत असतं, त्याला ते जमत नाही. वर ती दारू गर्भजलातही उतरते, आणि बाळ तेच पाणी गिळत असतं. म्हणजे आईची उतरली तरी बाळाची उतरलेली नसते. बाळाचा मेंदू पहिल्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळं ‘तीन महिने पाळलं, आता चालतंय’ असं नाही. देशी, हातभट्टी, ताडी, बिअर, वाइन, सगळ्यांत अल्कोहोल एकच. एवढी चालेल अशी मापाची रेघ कुठल्याच डॉक्टरला आखता आलेली नाही.

यातून मुलाला जे होतं त्याला डॉक्टर फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात. नाव लांबलचक आहे. आपण गर्भातल्या दारूची इजा म्हणू. १९६८ मध्ये फ्रान्समधले डॉक्टर पॉल लेमॉइन यांनी दारू पिणाऱ्या आयांच्या १२७ मुलांबद्दल लिहिलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टर जोन्स आणि स्मिथ यांनी त्यातल्या सगळ्यात तीव्र प्रकाराला नाव दिलं आणि मग जग जागं झालं. अशा काही मुलांच्या डोळ्यांच्या फटी लहान असतात, नाक आणि वरचा ओठ यांच्या मधली पन्हळ सपाट असते, वरचा ओठ पातळ असतो. पण चेहऱ्यावरची खूण थोड्याच मुलांत दिसते. बाकीची चारचौघांसारखी दिसतात. इजा मेंदूत असते आणि ती वरून दिसत नाही.

तासगाव-पलूसच्या बायांनी पुढचं जरा कान देऊन ऐकावं. दक्षिण आफ्रिकेत केप नावाचा भाग आहे. तिथंही आपल्यासारख्याच द्राक्षबागा, छाटणी, खुडणी, आणि मजूर बायांच्या टोळ्या. तिथले मळेवाले पिढ्यान्‌पिढ्या मजुरीचा एक भाग म्हणून रोज वाइन द्यायचे. या पद्धतीला तिकडं ‘डॉप’ म्हणत. कायद्यानं बंदी आली तरी बरीच वर्षं ती चालूच राहिली, आणि ती थांबली तोवर दारूची सवय घराघरात मुरली होती. आज जगात जिथं जिथं या इजेची मोजणी झाली, त्यात सगळ्यात जास्त मुलं या द्राक्षाच्या पट्ट्यात सापडली. त्या बाया काही वेगळ्या मातीच्या नव्हत्या. दमलेल्या बाईच्या हातात रोज काय दिलं जातं, त्यावर ते ठरलं. आपल्याकडं २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकायचा विषय निघाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असंही ऐकायला मिळालं. पोटातल्या बाळाला हा फरक कळत नाही.

आता मुलाकडं येऊ. आमच्या भागातल्या एका आजीचं सांगते. नाव आणि गाव सांगणार नाही, ओळख पटू नये म्हणून एखाददुसरी गोष्ट बदललीय. नातू नऊ वर्षांचा, गोड बोलणारा. आजी म्हणायची, “सांगितलं की व्हय म्हणतंय, आन् उंबऱ्याभाईर गेलं की इसरतंय. मीठ, काडेपेटी, साखर आण म्हटलं, तर दुकानात जाऊन नुसतं हुबं ऱ्हातंय.” काल पाठ झालेला पाढा आज कोरा. एका मोठ्या पोरानं मागितलं म्हणून नवंकोरं दप्तर देऊन मोकळा. मार खाल्ला तरी दुसऱ्या दिवशी तीच चूक. शाळेत त्याला वांड म्हणत, घरात मठ्ठ. आजीचे हातही मारून दुखायचे.

शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्या पथकातल्या डॉक्टरांनी त्याला जिल्ह्याला पाठवलं. तिथं आधी कान तपासले, डोळे तपासले, रक्त तपासलं. हे महत्त्वाचं आहे बरं का. मूल मागं पडायला शंभर कारणं असतात. ऐकू कमी येत असेल, अंगात रक्त कमी असेल, जन्मताना गुदमरलं असेल. कुठलं मंद मूल दिसलं की ‘हिनं ढोसली असणार’ अशी कुजबुज करायला मी आज बसलेली नाही. तसं कुणी करत असेल तर तिला गटात सगळ्यांसमोर थांबवा.

मग डॉक्टरांनी त्याच्या आईला विचारलं, “दिवस गेले होते तेव्हा खाण्यापिण्यात काय काय होतं? चहा किती, मिश्री, तंबाखू, दारू?” सगळं एका दमात, एका सुरात, चहा विचारावा तशी दारू विचारली. आणि ती बाई, जिनं नऊ वर्षं सासूलाही सांगितलं नव्हतं, ती म्हणाली, “घेत होते. तळावर सगळ्याच घ्यायच्या. बाळाला काय होतं ते कुणी सांगितलंच नव्हतं.”

मला या सगळ्यात तो प्रश्न विचारायचा सूर फार मोलाचा वाटतो. आशाताई, अंगणवाडीताई, सीआरपी ताई, तुम्हीही असंच विचारा. “तू पीत नाहीस ना?” असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येणार. यादीतच विचारा, सगळ्यांना विचारा, पाटलांच्या सुनेलाही आणि तळावरच्या बाईलाही. मिश्रीचंही त्याच यादीत निघतं. मुंबईत बाराशेवर गरोदर बायांची पाहणी करून २००४ मध्ये छापलं होतं की मिश्री-तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमनं कमी भरली. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे किती, ते आपल्याला सांगायला नको.

त्या मुलाच्या मेंदूची इजा औषधानं भरून येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण शिकवायची रीत बदलली तर मूल शिकतं, हेही सांगितलं. आजीनं ती रीत उचलली. एका वेळी एकच काम. “मीठ आण.” आणलं की मग काडेपेटी. तोंडी सांगण्यापेक्षा हातानं करून दाखवायचं, आणि उद्या पुन्हा तेच दाखवायचं, न चिडता. उठणं, तोंड धुणं, आंघोळ, दप्तर यांची चित्रं काढून ती ओळीनं भिंतीला लावली. रोजचा क्रम तोच ठेवायचा. टीव्ही, माणसं, गोंगाट एकदम अंगावर आला की तो बिथरतो, म्हणून लग्नाकार्यात त्याला अधूनमधून बाजूला न्यायचं. पैसे आणि वेळ यांचा हिशेब त्याला अजून लागत नाही आणि कुणीही फसवेल अशी भीती आहे, म्हणून बाजाराला एकटं पाठवायचं नाही. आता तो शेळ्यांना वेळेवर पाणी दाखवतो. पाढा अजून कच्चाच आहे. पण आजीनं मारणं सोडलंय. ती म्हणते, “आंधळ्याला दिसत न्हाई म्हणून कोण मारतंय का?”

घरात असं मूल असेल तर लहानपणीच दाखवा. सहा वर्षांच्या आत मदत सुरू झाली तर फरक जास्त पडतो. अंगणवाडीत तपासणी पथक वर्षातून दोनदा येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथं बोलणं, चालणं, शिकणं यांवर उपचार मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. या इजेचं नाव त्यांत नाही. पण बौद्धिक अक्षमता आहे, अध्ययन अक्षमता आहे. तपासणीत मूल त्यांत बसलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड निघतं. कागदासाठी खेटे घालावे लागतात, ते मी गोड करून सांगत नाही. म्हणून त्या आईबरोबर गटातली एक जण जाऊ दे. एकटी गेली तर तिसऱ्या खिडकीवरून ती परत येते, दोघी गेल्या तर काम होतं.

आता जी बाई आज गरोदर आहे आणि घेते आहे, तिच्याशी बोलते. बाई, तुला कितवा का महिना असेना, आज थांबलीस तरी बाळाचा फायदा आहे. दिवस गेलेत हे कळायच्या आधी घेतली असशील तर घाबरून काही भलतं करू नकोस, तपासणीला गेलीस की डॉक्टरांना सांग. पण रोज घ्यायची सवय असेल तर एकदम घरच्या घरी बंद करू नकोस. हात थरथरणं, घाम, भास, झटके असं होऊ शकतं, आणि ते तुला आणि बाळाला धोक्याचं आहे. दवाखान्यात सांगून, त्यांच्या देखरेखीखाली सोड. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ आहे. प्रवासाला जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आणि काढे-आसवांचंही विचारून घे. काही आसव-अरिष्टांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पोटुशी असताना ती आपल्या मनानं घ्यायची नाहीत.

सासवांनो, नवऱ्यांनो, ऐकत असाल तर तुमच्यासाठीही आहे. घरात बाटली उघडायची आणि तिनं मात्र हात लावायचा नाही, हे नऊ महिने कसं जमावं? ती पोटुशी आहे तोवर बाटली घरात आणूच नका. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बायांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद पाडलीत, जावळीच्या बायांचं नाव त्यात मोठं आहे. मला त्याचा अभिमान आहे. पण गावातलं दुकान बंद झालं म्हणून गावातल्या पिणाऱ्या बाईला गटातून काढायचं नसतं. तिला बैठकीत टोमणा बसला की ती यायची थांबते, आणि मग तिच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचायची आपली वाटच बंद होते.

जगभर ९ सप्टेंबरला या इजेबद्दल जागृतीचा दिवस पाळतात. १९९९ पासून, नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी कुठं कुठं घंटाही वाजवतात. गरोदरपणाचे महिने नऊ, म्हणून नऊ. आपल्याकडं योग असा की दर महिन्याच्या ९ तारखेलाच सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्याआधीची नोंदणी पाळी चुकल्याबरोबर आशाताईकडं करायचीच. येत्या बैठकीत हप्त्यांची पुस्तकं भरून झाली की गावातल्या गरोदर बायांची नावं काढा, तळावर आणि भट्टीवर राहायला आलेल्यांचीही काढा, आणि ९ तारखेला कुणाबरोबर कोण जाणार ते लिहून ठेवा. फोन नंबर पुन्हा सांगते, एक-चार-चार-एक-सहा.