पाण्याखालचा सोबती



आपल्या यवतमाळापासून समुद्र फार दूर. आमच्याकडे पोहणे शिकायचे ते विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. आणि काठावर दोर घेऊन कोणी बसल्यावाचून नवख्याने उडी घ्यायची नाही. आता मात्र आपली मुले मालवण-तारकर्लीस जाऊन पाठीवर हवेचे सिलिंडर बांधतात व बुडी मारावयास शिकतात. त्यांच्याविषयी चार शब्द बोलावे, असे आम्हांस वाटते.

पूर्वीच्या पाणबुड्यास वरून नळीने हवा मिळे आणि होडीवर दोर धरणारा माणूस असे. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी हवा पाठीवर नेण्याची सोय केली. नळी सुटली, तसा दोर धरणाराही गेला. त्याचे काम सोबत्याकडे आले.

नव्या पाणबुड्यास वाटते, आपण शिकाऊ, जबाबदारी जुन्याची. हिशेब मात्र वेगळे सांगतो. वर एका श्वासास लागते त्याच्या तिप्पट हवा वीस मीटरवर लागते. बारा लिटरच्या सिलिंडरात 50 बार दाब शिल्लक ठेवून वर यावे, असा पाठ आहे. म्हणजे 600 लिटर. आता वीस मीटरवर एकाची हवा बंद पडली, तर दोघांनी त्या एकाच सिलिंडरावर वर यायचे. घाबरलेला माणूस मिनिटास 30 लिटर ओढतो असे धरा. तिथे दोघांचे 180 झाले. सावरण्यात एक मिनिट, मग मिनिटास 9 मीटर या गतीने वर येणे, यांत साडेचारशे लिटर सरतात. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावयास आणखी 270 हवेत. हाती उरतात 150! तेव्हा ती शिल्लक आपली नव्हेच, सोबत्याची. आणि तीही अपुरी.

म्हणून बेत वरच ठरवावा: किती खोल, किती वेळ, किती हवा उरली की परतायचे, चुकामूक झाल्यास मिनिटभर शोधून दोघांनीही वर यायचे. यात नवख्याने तोंड उघडले पाहिजे. सर्दी झाली आहे, कान मोकळा होत नाही, आपली हवा लवकर संपते, हे झाकून ठेवणे म्हणजे सोबत्यास खोटा हिशेब देणे होय. पहिले शिक्षण 18 मीटरपर्यंतचे असते. कोणी तीसला चला म्हटले, तर नाही म्हणावे. वडीलधाऱ्यास नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण पाण्याखाली बोलताच येत नाही. नाही म्हणायचे ते होडीतच.

आणि बुडीपूर्वी एकमेकांच्या सिलिंडरची झडप उघडी आहे ना, पट्टे आवळले आहेत ना, हे पाहून घ्यावे. त्यास दोन मिनिटे लागतात. होडी तेवढी थांबेल.