आधी कृपा, मग नियम

भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेल्या बाईची गोष्ट बायबलात आहे. तिचे पाच नवरे झालेले, आता भलत्याच्याच घरात राहत होती. त्यात ती शोमरोनी. यहुदी माणसं त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. येशूने तिच्याकडेच प्यायला पाणी मागितलं.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे ख्रिस्ती भगिनी ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायांना मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. असं का करता, विचारलं, तेव्हा हीच गोष्ट ऐकायला मिळाली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा बायांसाठी घर निघालं. त्याचं नाव कृपा सदन.

नियम पाळून देवाची माया कमवावी लागत नाही, ती आधी मिळते. माणूस सुधारतो तो मागून. ख्रिस्ती धर्मात यालाच कृपा म्हणतात. म्हणजे नियम नकोत असं नाही. गटाचा हप्ता वेळेवर भरायचाच. पण जिचा चुकला, तिला आधी ‘जेवलीस का?’ विचारा, दंडाचं मग बघू.

गाव जिच्याबद्दल कुजबुजतं, ती उद्या बैठकीला आली तर कुठं बसवाल? दाराशी, की आपल्या शेजारी?