जत्रा बघायची तर बाजाराच्या बाजूने बघा



आपल्या लोकांचे फिरणे म्हणजे एक तर पंढरपूर, नाही तर कुणाचे तरी लग्न. मुलूख बघायला म्हणून कोरडवाहू शेतकरी घराबाहेर पडत नाही. मी म्हणतो, एकदा पडा. आणि लांब नको, राज्याच्या उत्तर टोकाचा खानदेश बघा. जळगाव, धुळे, नंदुरबार. तुमच्यासारखाच कापूस आणि ज्वारीचा मुलूख.

सुरुवात चाळीसगावजवळच्या पाटणादेवीपासून करा. डोंगराच्या कुशीत, गौताळ्याच्या अभयारण्यात देवीचे देऊळ आहे. देवीला नारळ फोडा आणि मग तिथला शिलालेख बघा. शके 1128चा, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. (तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव ते वेगळे.) आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने इथे मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिले.

गाइड एवढेच सांगतो आणि पुढे चालू लागतो. तुम्ही थांबा. लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे, शेवटचा आपल्या जुन्या मराठीत. कारण तो हिशोबाचा आहे! पाटणच्या पेठेत जो माल विकायला येईल त्यावर राजाचा जो वाटा ग्राहकाकडून येत होता, तो मठाला. ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील, तितक्यांकडून पळी-पळी तेल. विकणाऱ्यालाही सोडले नव्हते, त्याच्याकडून ब्राह्मणांचा वाटा होताच; पण मठाची पट्टी मुख्यतः घेणाऱ्यावर होती. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, हा नियम आपल्या राज्यात व्हायला 2016 साल उजाडले. शून्याचे आणि ग्रहांचे गणित शिकवणारा मठ पेठेतल्या मालावर आणि घाण्याच्या तेलावर चालत होता, हे शाळेच्या पुस्तकात आम्हाला कुणी सांगितले नाही. शेतकी कॉलेजात तर नाहीच नाही.

सातपुड्यात होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. बाहेरचे लोक त्याला लग्नाचा बाजार म्हणून रंगवून लिहितात. आदिवासींना ते मुळीच मान्य नाही, आणि त्यांचे बरोबर आहे. तो होळीच्या खरेदीचा बाजार. डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कंगन घ्यायचे, ढोल वाजवायचे, नातेवाइकांना भेटायचे. पुढे काठीची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. जायचे तर पाहुणा म्हणून जा. कॅमेरा आधी विचारून काढा.

आणि सारंगखेडा. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला. घोड्यांचा बाजार नामांकित, परराज्यांतून घोडे येतात. अलीकडे तिथे तंबू, स्पर्धा, महोत्सव असा सरकारी थाट असतो. त्याला माझा विरोध नाही. चार लोक आले तर गावात चार पैसे येतात. पण कुठल्याही यात्रेत मंडप वाढत जातो आणि बैल, दोरखंड, औतफाटा विकणारा मागे मागे सरकतो, याकडे लक्ष ठेवा. तुमच्या गावच्या यात्रेच्या कमिटीत तुम्हीच असता. जागा आखताना पहिली दोरी बाजाराची धरा. आणि बाहेरच्या पाहुण्याला वडापाव कशाला? कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरताच्या वांग्याचे भरीत द्या, बायकांच्या गटाला गाळा द्या, आणि भाव ठरवताना लाजू नका.

दत्तजयंतीच्या सुमारास दादर पोटरीत असते, दोन दिवस निघू शकतात. सुरत-भुसावळ गाडीने दोंडाईच्याला उतरा, तिथून शहाद्याची एस.टी. धरा. बायकोलाही बरोबर न्या. बाजारात भाव तीच चांगला करते.