यजमान देश ठरवण्यापूर्वी कामगाराला विचारा

(रायपूर येथील पुरानी बस्तीत झालेल्या कामगार सभेत रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही मंडळींनी मला विचारले, "भाऊ, रिक्त जागा, पेन्शन, कंत्राटीकरण हे प्रश्न पडून असताना फुटबॉलचा वर्ल्ड कप कुठल्या देशात भरावा याची उठाठेव युनियनने कशाला करायची?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. स्पर्धा महिनाभराची असते. पण तिच्यासाठी मैदाने, रस्ते, मेट्रो आणि हॉटेले बांधण्याचे काम आठ-दहा वर्षे चालते. ते काम खेळाडू करत नाहीत, मजूर करतात. म्हणून यजमान कोण, हे ठरले की हजारो मजूर कोणत्या कायद्याखाली राबणार हेही ठरते. त्यांत आपल्या देशाचे मजूर मोठ्या संख्येने असतात.

ही निवड होते कशी ते पाहू. २ डिसेंबर २०१० रोजी फिफाच्या कार्यकारिणीतील २२ जणांनी मतदान करून २०२२ चा वर्ल्ड कप कतारला दिला. शेवटच्या फेरीत कतारला १४ आणि अमेरिकेला ८ मते पडली. त्यावर जगभर टीका झाली, म्हणून पुढे हा अधिकार सर्व सदस्य देशांच्या काँग्रेसकडे गेला. २०१८ मध्ये मॉस्कोच्या काँग्रेसने अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांना १३४ विरुद्ध ६५ मतांनी २०२६ ची स्पर्धा दिली. सुधारणा झाली असे वाटले. पण ११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ ची स्पर्धा सौदी अरेबियाला दिली, तेव्हा उमेदवारच एक होता. सदस्यांनी कॅमेऱ्यासमोर टाळ्या वाजवल्या आणि ठराव मंजूर झाला. आपल्या युनियनची साधी शाखा निवडणूक अशी उरकली तर तुम्ही मला जाब विचाराल, आणि विचारायलाच हवा!

आता कतारचा धडा घ्या. स्पर्धा मिळाली तेव्हा तिथे कफाला पद्धत होती. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती, देशही सोडता येत नव्हता. जगातील कामगार संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे, म्हणजे आयएलओकडे, तक्रार गेली. २०१६ मध्ये बांधकाम कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, बीडब्ल्यूआय, याने करार करून मैदानांच्या कामावर संयुक्त तपासणी सुरू केली. २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या दाखल्याची अट निघाली. मार्च २०२१ पासून सर्वांना दरमहा १,००० रियाल किमान वेतन लागू झाले. हे यश लहान नाही. ते संघटित दबावाने मिळाले. पण तारखा पाहा. स्पर्धा दिली २०१० मध्ये आणि किमान वेतन आले २०२१ मध्ये. तोवर मैदाने बहुतेक बांधून झाली होती.

त्या स्पर्धेत गोल किती झाले? १७२. यावर जगात कुठे दुमत नाही. कामगार किती मेले? यावर एकमत नाही. मैदानांच्या कामावर अपघाती मृत्यू ३, असे आयोजक सांगत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोजन समितीचे प्रमुख हसन अल थवादी यांनीच मुलाखतीत ४०० ते ५०० हा आकडा सांगितला. मग खुलासा आला की तो केवळ स्पर्धेच्या कामांचा नसून साऱ्या देशाचा आहे. मित्रहो, ज्या कामावर मृत्यूची नोंदही धड राहत नाही, त्या कामावर युनियन नाही असे खुशाल समजावे.

फिफावाले म्हणतात, आम्ही खेळाची संस्था, देशाच्या कायद्यात आम्ही कसे पडणार? हे खरे नाही. ब्राझीलमध्ये मैदानात दारूविक्रीला बंदी होती. २०१४ च्या स्पर्धेसाठी फिफाने बिअरचा आग्रह धरला आणि २०१२ मध्ये तिथे खास कायदा झाला. आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने महासंघाला निलंबित केले. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत व्हायची मुलींची सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा धोक्यात आली. अकरा दिवसांत सगळी यंत्रणा हलली आणि निलंबन उठले. म्हणजे बिअरसाठी कायदा बदलता येतो, खुर्चीसाठी स्पर्धा रोखता येते. फक्त मजुराच्या मजुरीचा विषय निघाला की अधिकार नसतो!

हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी मैदाने आणि उड्डाणपूल बांधणाऱ्या मजुरांची मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे ठरली होती. जमादार त्यातून रुपया कापून घेत असे. बायांच्या हाती ७ रुपये पडत. पीयूडीआर या संस्थेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले. सरकार आणि दिल्ली विकास प्राधिकरण म्हणाले, मजूर आमचे नाहीत, कंत्राटदाराचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल दिला: काम तुमचे, तर कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारीही तुमची. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे म्हणजे वेठबिगारीच, असेही न्यायालयाने ठणकावून सांगितले. कंत्राटी कामगारांच्या लढ्यात आपण मुख्य मालकाची जबाबदारी म्हणतो ती हीच. तेच तत्त्व फिफाला लावा. स्पर्धा फिफाची, प्रक्षेपणाचा पैसा फिफाचा, मग मुख्य मालक दुसरा कोण?

रेल्वेत काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. अटी टेंडरमध्ये घालायच्या असतात. वर्क ऑर्डर हातात पडल्यावर कंत्राटदार कोणाचे ऐकत नाही. सौदीत संघटना बांधण्याचा आणि संपाचा हक्क नाही, हे फिफाला आधीच माहीत होते. स्पर्धा देण्याच्या सहा महिने आधी, जून २०२४ मध्ये, बीडब्ल्यूआयने तिथल्या हजारो कामगारांच्या थकलेल्या पगाराबद्दल आयएलओकडे तक्रार नोंदवली होती. जोर लावण्याची वेळ तीच होती, आणि ती टाळ्यांत गेली.

हे केवळ परक्यांना सांगून भागणार नाही. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही आपले सरकार प्रयत्नात आहे. खेळाला आपला विरोध नाही. २०१७ मध्ये मुलांचा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप आपल्याकडे झाला, नवी मुंबई व मडगावची मैदाने गजबजली, याचा आनंदच आहे. आपल्या या लाईनवर पूर्वी बी.एन.आर. होती, तिच्या फुटबॉल टीमचे नाव जुने लोक अजून काढतात. पण छत्तीसगढमध्ये धान कापणी आटोपली की पोरेबाळे आणि भांडीकुंडी घेऊन गावेच्या गावे रायपूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसतात, हे आपण दरवर्षी पाहतो. अहमदाबादची मैदाने बांधायला हीच माणसे गेली, तर १९८२ चा जमादार त्यांना पुन्हा भेटता कामा नये.

म्हणून या सभेपुढे मी तीन मागण्या ठेवतो. एक, ज्या देशात कामगाराला, परदेशी कामगारालाही, संघटना बांधता येत नाही, त्या देशाचा अर्ज कायदा बदलेपर्यंत विचारात घेऊ नये. दोन, यजमानपदाच्या करारातच कामगार संघटनांची तपासणी, मृत्यूची जाहीर नोंद आणि थकीत वेतनाची हमी असावी. तीन, भारतीय फुटबॉल महासंघाला फिफा काँग्रेसमध्ये एक मत आहे. ते देण्यापूर्वी त्याने देशातील केंद्रीय कामगार संघटनांशी बोलावे. हा ठराव आपल्या राष्ट्रीय महासंघामार्फत पुढे पाठवावा.

आणि एक काम आपले, आजपासून करण्याचे. मी मॅट्रिक. माझ्यासारख्याला आखातात जाताना सरकारी मंजुरी लागत नाही. पण जो दहावी झालेला नाही, त्याला १९८३ च्या कायद्याने आणलेल्या व्यवस्थेप्रमाणे सौदी, कतार अशा देशांत कामाला जाण्यापूर्वी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागते. ही अट त्याच्या रक्षणासाठी आहे. दलाल ती चुकवायला व्हिजिट व्हिसावर पाठवतात. तसे कोणी जाऊ नये. करारपत्राची एक प्रत घरी आणि एक युनियनच्या ऑफिसात ठेवून जावे. आपल्या वस्तीतून कोण कुठे कामाला गेला याची वही आपण ठेवू. ज्याचे नाव वहीत आहे, त्याच्यासाठी भांडता येते.

ठरावाला हात वर करून पाठिंबा द्यावा, अशी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!