काठावरच्या पेशी



अंगावरचे गाऊन भाड्याचे आहेत आणि चारच्या आत परत द्यायचेत, असं मघाशी तुम्हा पदवीधरांतल्याच एकीनं माझ्या कानात सांगितलं. तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

मेंदूविज्ञानाच्या निवड समित्यांवर मी बरीच वर्षं बसते. उमेदवार आत येण्याआधीच कुणीतरी विचारतं, "एच-इंडेक्स किती?" वीस शोधनिबंधांचा प्रत्येकी निदान वीसदा हवाला दिला गेला असेल, तर तो वीस. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सुचवलेलं हे माप. सोयीचं आहे, निबंध वाचावा लागत नाही!

हे माप एका जुन्या व्याख्यानाला लावून पाहू. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये अलॉइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या रुग्ण स्त्रीची हकिगत मांडली. पन्नाशीत तिची स्मृती गेली. मृत्यूनंतर तिच्या मेंदूत, पेशींच्या बाहेर साठे आणि आत तंतूंचे गुंते त्यांना दिसले. व्याख्यान संपलं आणि सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. आजच्या भाषेत, सायटेशन शून्य. १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

त्या व्याख्यानानंतर शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, 'नेचर'मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाचा निबंध आला. त्या साठ्यांमधल्या अमायलॉइड-बीटा प्रथिनाच्या एका विशिष्ट जुळणीमुळे उंदरांची स्मृती ढासळते, असा दावा. सुमारे अडीच हजार वेळा त्याचा हवाला दिला गेला. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांबद्दलच्या शंका चव्हाट्यावर आल्या आणि जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. म्हणून अमायलॉइडची सगळी कथाच खोटी, असं मात्र नाही. ते साठे हटवणारं लेकॅनेमॅब हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्णपणे मंजूर झालं. ते आजार थांबवत नाही, त्याचा वेग थोडा कमी करतं. मला सलतं ते वेगळंच. त्या अडीच हजारांपैकी किती जणांनी मूळ चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं असेल?

आता आपल्या मुंबईतलं एक उदाहरण. मेंदूशास्त्रज्ञ शुभा टोळे झेवियर्सच्या विद्यार्थिनी. कॅलटेकमधून पीएच.डी., मग शिकागो, आणि १९९९ पासून कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. त्यांचा विषय अल्झायमर नाही. अल्झायमर ज्या भागांवर सुरुवातीलाच घाला घालतो त्यांतला एक म्हणजे हिप्पोकॅम्पस. तो मुळात घडतो कसा, हा त्यांचा प्रश्न. गर्भातल्या मेंदूच्या कडेला पेशींची एक पट्टी असते. तिला 'हेम' म्हणतात. शिवणकाम येणाऱ्यांना कळेल, कापडाचा दुमडून शिवलेला काठ. हा काठ शेजारच्या पेशींना संदेश देतो आणि त्यांचा हिप्पोकॅम्पस होतो. टोळे यांच्या गटानं सहकाऱ्यांसोबत २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं, की एलएचएक्स-२ हा जनुक बाकीच्या पेशींना काठ होण्यापासून रोखून धरतो. उंदराच्या भ्रूणात तो अगदी आरंभी, ठिकठिकाणच्या पेशींतून काढला, तर भलतीकडेच काठ तयार होतात आणि त्यांच्या शेजारी जादा हिप्पोकॅम्पस उगवतात! थोडा उशीर केला, की ही किमया होत नाही. २०१० मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये इन्फोसिस. यातून औषध कधी निघणार, असं पालक विचारतील. उद्या तर नक्कीच नाही. पण जे मोडतं ते बांधलं कसं जातं, हे कुणीतरी पाहायलाच हवं ना?

पाहणं म्हणजे काय, हे मला कुठल्या वर्गात उमगलं नाही. माझी आई गिरगावातल्या चाळीतून बोरिवलीला आली, वीस वर्षं राहिली. मग रोज दिवेलागणीला पिशवी घेऊन दाराशी उभी राहू लागली. "घरी जायचंय." आम्ही म्हणायचो, आई, हेच घर. हिप्पोकॅम्पस खचला की नवं टिकत नाही, फार जुनं बराच काळ तग धरतं, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होते. आणि घरी तिच्याशी वाद घालत होते.

ती गेल्यावर पिशवी उघडली. आत दोन लुगडी, कुंकवाचा करंडा आणि रेशनकार्ड. पत्ता गिरगावचा.