डोक्याचा मार आणि घराची सबुरी

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)





जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या रस्त्यांवर मोटारसायकलवरून पडून एखाद्या तरुणाच्या डोक्याला मार लागतो. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, मुलगा घरी येतो. शेजारीपाजारी म्हणतात, सुटला बिचारा. कुटुंबाची कसोटी मात्र त्या दिवसापासून सुरू होते. त्याविषयी चार शब्द सांगण्याची परवानगी घेतो.

आपले क्रिकेट कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांना मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला. त्या काळी हेल्मेट नव्हते. सहा दिवस ते बेशुद्ध होते. त्यांना रक्त दिले ते प्रतिपक्षाचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनी, आणि आपल्या उम्रीगर, बोर्डे, नाडकर्णी यांनी. जात, धर्म, देश कोणी विचारला नाही. कप्तानपद आले एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडींकडे, ज्यांच्या एका डोळ्याची दृष्टी आदल्याच वर्षी मोटार अपघातात गेली होती. कॉन्ट्रॅक्टर पुढे बरे झाले, १९७०-७१ पर्यंत प्रथम श्रेणीचे सामने खेळले. पण कसोटी सामना त्यांना पुन्हा मिळाला नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये, साठ वर्षांनी काढली. बरे होणे म्हणजे सगळे पहिल्यासारखे होणे नव्हे, हे यातून समजावे.

मेंदूच्या मेलेल्या पेशी सहसा परत येत नाहीत. परंतु मेंदूचे शाबूत भाग सरावाने त्यांचे काही काम शिकून घेतात. म्हणून रोजचा व्यायाम, रोजचे बोलणे, रोज स्वतःच्या हाताने घास घेणे हेच औषध. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर सावकाश. पण वर्षानुवर्षेही थोडी थोडी होत राहते. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

रोगी चिडतो, विसरतो, एकच गोष्ट दहादा विचारतो, थोड्या श्रमाने थकून झोपतो. हा उद्धटपणा किंवा आळस नाही, जखमेचाच भाग आहे. आपल्या घरात उर्दू आणि शाळेत मराठी अशा दोन भाषा असतात. कधी एक भाषा आधी परत येते, दुसरी मागाहून. जी येईल तिच्यात बोला, मुलाला हिणवू नका.

आपल्याकडे इयादतीला मोठे पुण्य मानले आहे. तथापि पंधरा माणसांचा गलबला अशा रोग्याला सोसत नाही. दोघांनीच जावे, थोडा वेळ बसावे, हळू बोलावे. आणि जाताना त्याच्या आईला म्हणावे, "आपा, दोन तास मी बसते, तुम्ही झोपा." ही खरी इयादत.

आता जे बोलण्यासाठी मी मुख्यत्वे उभा आहे ते. घरात रोगी आला की शुश्रूषेसाठी पुष्कळदा मोठ्या मुलीची शाळा सुटते. भाऊ वर्षभरात चालू लागतो, तिची शाळा मात्र कायमची राहते. पालकहो, एका लेकराच्या जखमेत दुसऱ्याचे आयुष्य घालू नका. पाळ्या लावा, वडील, काका, शेजारी, सर्वांनी वाटून घ्या. शिक्षकांनीही गैरहजर मुलीच्या घरी जाऊन चौकशी करावी. जखमी विद्यार्थी परत आला तर प्रथम एक-दोन तासच बसवा, पुढच्या बाकावर जागा द्या, लिहायला जास्त वेळ द्या, नापासाचा धाक घालू नका.

तरुण मित्रांनो, दुचाकीवर हेल्मेट घाला, मागे बसणाऱ्यानेही घालावे. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर १०८ क्रमांकावर फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण मिळाले आहे.

सबुरी हा शब्द मराठीत आपल्याच सब्रपासून आला. हात बांधून वाट पाहणे असा त्याचा अर्थ घेऊ नका. रोज थोडे करीत राहणे, असा घ्या.