सुप्याची आग आणि मँचेस्टरचा कापूस



आपल्या लिंकन चौकात लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) कापूस येईना, गिरण्या बंद पडल्या, तरी इथल्या कामगारांनी गुलामगिरीविरोधी बाजू सोडली नाही, त्याची ती आठवण. त्याच कापसाची दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे.

लँकेशायरची मागणी हिंदुस्थानाकडे वळली. भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले आणि पुढे शेतसाराही वाढला. कोर्टात कागद सावकाराच्या बाजूने बोलत. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उद्रेक झाला, तो नगर जिल्ह्यातही पसरला. जमावाला हवे होते कर्जरोखे. ते मुकाट्याने दिले तिथे सहसा मारहाण झाली नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला.

म्हणजे गुन्हेगारी वृत्ती हे काही त्याचे उत्तर नव्हते. पण कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. भाव ठरवणारे सुखरूप राहिले; मार बसला तो जवळच्या परक्याला, मारवाडी-गुजराती सावकाराला.

इथे परके आपण आहोत. ऑगस्ट २०२४मध्ये इंग्लंडमध्ये निर्वासितांच्या हॉटेलांवर हल्ले झाले, तेव्हा आपणही धास्तावलो. हल्लेखोरांना शिक्षा हवीच. पण त्यांच्या वस्तीत काय आटले आणि बोट परक्याकडे कोणी वळवले, हेही विचारायला हवे. सुप्याच्या शेतकऱ्याबद्दल आपण ते विचारतो. मग इथल्यांबद्दल का नको?